आ करायला सांगा तिला

दंतवैद्याकडे लांब दांडीचा एक छोटा गोल आरसा असतो. तो माणसाच्या तोंडात घालायचा असतो. दहिफळे डॉक्टरांचा आरसा मात्र मी जास्त वेळा मोटारींच्या मडगार्डखाली जाताना पाहिला.

डॉक्टर आमचे शेजारी. नगरला सावेडीत आमच्या घराखाली बाबांचा छापखाना होता आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून डॉक्टरांचा दवाखाना. आमच्याकडे मोर्च्यांची, संपांची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं छापली जात. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. शाळेत मला 'माझी गाय' हा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी तो 'बंधू-भगिनींनो' असा सुरू करून शेवटी गाईच्या तीन मागण्या मांडल्या होत्या. भिंतीपलीकडून दिवसभर डॉक्टरांच्या ड्रिलचा आवाज यायचा. बाबा म्हणायचे, दोन्ही बाजूंना एकच काम चाललंय, फक्त डॉक्टरांकडे लोक आपणहून येतात.

डॉक्टर मूळचे पाथर्डीकडच्या एका कोरड्या गावातले. घरातले बरेच जण दर हिवाळ्यात ऊसतोडीला जायचे. हे एकटे शिकले. नगरला आले, बोलणं पुणेरी झालं, शर्टाला इस्त्री आली. "जरा दुखेल, पण घाबरू नका," असं ते पेशंटला इतक्या शुद्ध भाषेत बोलायचे की पेशंट त्यानंच घाबरायचा. पण जुनी गाडी समोर आली की ही सगळी इस्त्री मोडायची. दुरुस्त करून, रंगवून, 'मूळ अवस्थेत' अशी पाटी लावून उभी केलेली गाडी असेल तर मग विचारूच नका. डॉक्टर तिच्याभोवती एक फेरी मारायचे, खाली वाकायचे आणि थेट पाथर्डीत पोचायचे.

"ह्ये काय हाय?"

मालक अभिमानानं सांगायचा, "मूळ बंपर आहे, डॉक्टर."

"मूळ न्हाई. कवळी हाय. आ करायला सांगा तिला."

म्हणजे बॉनेट उघडा.

त्यांच्या शर्टाच्या एका खिशात आरसा आणि दुसऱ्यात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक असायचं. रुमालासकट चुंबक दारावरून फिरवायचे. पत्रा असेल तिथं ते चिकटायचं. पत्रा सडला म्हणून आत पुट्टी भरून वर रंग मारला असेल तिथं ते सटकन खाली यायचं. ते खाली आलं की डॉक्टर मालकाकडे असे बघायचे, जसे रोज दोनदा ब्रश करतो म्हणणाऱ्या पेशंटकडे बघायचे.

त्यांची स्वतःची जुनी गाडी नव्हती. होती ती एक साधी, चारी बाजूंनी पोचे आलेली नवी गाडी, आणि तिचा डावा आरसा दवाखान्यातल्या चिकटपट्टीनं बांधलेला होता. कुणी टोमणा मारला तर म्हणायचे, "मी तिला मूळ म्हनून मिरवतो का?" त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच. त्यांचे पुढचे दोन दातही खोटे होते, आणि हे ते नव्या पेशंटला ओळख करून देतानाच सांगायचे. "कवळी लावायला माझी ना न्हाई," ते म्हणायचे. "पन कवळी लावून ह्ये माझे दुधाचे दात हायेत असं म्हनू नका."

मला हा माणूस लहानपणापासून क्रांतिकारक वाटायचा. सगळ्या आळीची सहल भंडारदऱ्याला गेली, धबधब्यासमोर सगळे माना वर करून उभे राहिले, तेव्हा डॉक्टर पार्किंगमध्ये एका अनोळखी माणसाच्या जुन्या फियाटखाली पालथे पडलेले होते. त्यांची मुलगी उर्मिला, माझी मैत्रीण, शेजारी टॉर्च धरून उभी. भर दुपारी. धबधबा कसा होता असं उर्मिलाच्या आईनं, काकूंनी, परतीच्या वाटेवर विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "धबधबा खरा होता."

उर्मी एकुलती एक. इतरांच्या पोरी बापाबरोबर बागेत जायच्या, ही गाड्यांखाली जायची. टॉर्च कुठे मारायचा ते तिला सांगावं लागायचं नाही. बापाची मान वळायच्या आधी हिचा उजेड तिथं पोचलेला असायचा.

नगरला थंडीत एका कॉलेजच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. डॉक्टर परीक्षक नव्हते. त्यांना परीक्षक करायचं धाडस कुणी केलं नाही. ते प्रेक्षक म्हणून जायचे आणि परीक्षक त्यांच्या मागेमागे फिरायचे. एका वर्षी शहरातल्या एका बिल्डरनं हिरव्या रंगाची जीप आणली. बॉनेटवर पांढरा तारा, मागे जाळं टाकलेलं, पुढे पाटी: 'दुसऱ्या महायुद्धात लढलेली जीप'. बिल्डरसाहेब स्वतः बूट, टोपी आणि शिट्टी लावून उभे. नगरची पोरं रणगाडे बघत मोठी होतात, त्यामुळे लष्करी म्हटलं की गर्दी जमते. डॉक्टर पुढच्या जाळीसमोर उकिडवे बसले आणि एकेका उभ्या फटीवर बोट ठेवत मोजू लागले.

"सात," ते म्हणाले.

"काय सात?"

"फटी. लढाईतल्या जीपला नऊ असत्यात. सात म्हंजे लढाई संपल्यावर लोकांसाठी काढलेली."

बिल्डर हजरजबाबी होता. "लढाईत दोन दात पडले असतील, डॉक्टर."

सगळं मैदान हसलं. डॉक्टर हसले नाहीत. दातांच्या बाबतीत ते विनोद चालवून घेत नसत. "दात पडला तर खिंडार ऱ्हातं," ते म्हणाले. "हितं सगळे सारख्या अंतरावर हायेत. ही जन्माचीच सात दातांची. शेतावर राबलेली दिसती बिचारी. तिला उगं सोल्जर कशाला करता?"

पुढच्या वर्षी तीच जीप परत आली. तारा पुसलेला, जाळं गेलेलं, मागे कांद्याच्या गोणी आणि पाटी: 'शेतावर राबलेली जीप'. बिल्डरसाहेब धोतरात. धोतर कसं नेसायचं ते त्यांना माहीत नव्हतं, पण डॉक्टरांचं लक्ष धोतराकडे गेलं नाही. जीपच्या जाळीवरून हात फिरवून ते म्हणाले, "आता कशी खरं बोलती."

माझं आणि डॉक्टरांचं खरं भांडण झालं ते मात्र एका काचेच्या पेटीवरून. खर्ड्याचा किल्ला बघून येताना एका संस्थेच्या आवारात आम्ही चहाला थांबलो. तिथं काचेआड एक मोटार ठेवली होती. पाटीवर लिहिलं होतं की पारतंत्र्याच्या काळात आमच्या संस्थापकांनी याच गाडीतून गावोगाव जागृती केली. डॉक्टरांनी काचेला नाक लावलं आणि त्यांचा चहा निवला.

"ह्या गाडीचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा हाय," ते म्हणाले. "चांगला धा वर्सांनी."

माझ्या अंगात वीज शिरली. त्या रात्री जेवायच्या आधी माझं पत्रक तयार होतं: 'बंधू-भगिनींनो, काचेआडचं असत्य ओळखा'. घराणेशाही, शिक्षणाचा बाजार, इतिहासाची मोडतोड, सगळं त्यात आलं होतं. छापायच्या आधी मी ते डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लाल पेन घेतलं. 'जनतेच्या डोळ्यांत धूळफेक' खोडलं, 'सरंजामी प्रवृत्ती' खोडलं, आणि समासात बारीक अक्षरात चाकांवरच्या चकचकीत टोप्यांबद्दल एक आख्खा परिच्छेद लिहिला.

"डॉक्टर, चाकांच्या टोप्या हा मुद्दाच नाहीये."

"चारीच्या चारी दुसऱ्याच गाडीच्या हायेत," ते म्हणाले. "अन् तुला त्या दिसल्याबी न्हाईत. तू काय क्रांती करनार?"

शेवटी तडजोड झाली. पत्रकात दोन मागण्या गेल्या: एक, खोटी पाटी काढा, दोन, चाकांच्या टोप्या बदला. संस्थेनं पत्रकाची दखल घेतली. टोप्या बदलल्या. पाटी तशीच राहिली. मी संतापानं जेवले नाही, आणि डॉक्टर मात्र पेढे घेऊन आले. त्यांच्या मते विजय पूर्ण होता. बाबा पेढा खात म्हणाले, "चळवळींचं बहुतेक असंच होतं."

आता नाना शेळके.

नाना राहुरीजवळच्या एका गावचे. पाटाचं पाणी, ऊस, कांदा, अंगणात ट्रॅक्टर आणि कांदाचाळीत वडिलांच्या वेळची अँबॅसिडर. त्यांनी ती कुठल्याशा गॅरेजवाल्याकडून चकाचक करून घेतली आणि मेळाव्याला आणली. गाडी बगळ्यासारखी पांढरी, नाना तिच्याहून पांढऱ्या कपड्यांत. डॉक्टर आले. चुंबक दारावरून सटकलं. मग आरसा निघाला.

"जाळी नंतरच्या गाडीची. दारांच्या मुठी तिसऱ्याच गाडीच्या. शिटावर कंपनीनं कधी फुलं काढली न्हाईत, ही फुलं कुनाची?"

"मंडळींना आवडली," नाना पडेल आवाजात म्हणाले.

"मंडळींच्या सोफ्यावर काढा. आ करायला सांगा तिला."

बॉनेट उघडलं, तर ते टेकवायची काठीच जागेवर नव्हती. त्यामुळे नानांचा मुलगा वैभव बॉनेट दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिला. समोर उर्मी टॉर्च धरून. डॉक्टरांना त्या इंजिनात इतक्या चुका सापडत गेल्या की ही दोघं बराच वेळ एकमेकांसमोर अशी उभी होती. वैभवला हात खाली घेता येईनात आणि उर्मीला टॉर्च हलवता येईना. दुसरीकडे बघायलाही फारशी सोय नव्हती. बाकीचं पुढे फोनवर झालं.

नाना त्या दिवशी बॉनेट मिटून गाडी घेऊन गेले. तीन वर्षं ते मेळाव्याला फिरकले नाहीत. कांदाचाळीत त्यांनी गाडीचा खिळा न् खिळा सुटा केलाय, एवढीच बातमी यायची.

पोरांनी लग्नाचं घरी सांगितलं तेव्हा मी लढायची तयारी ठेवली होती. दोन्ही घरच्या जाती वेगळ्या. मी तर पत्रकाचा मथळाही काढून ठेवला होता. पण जात आड आली नाही. नाना म्हणाले, "पोरगी टॉर्च चांगला धरती." डॉक्टर म्हणाले, "पोरगं बॉनेट धरून उभं ऱ्हायलं, हललं न्हाई." मथळा वाया गेला. आड आली ती गाडी, आणि तीही लग्नाच्या दिवशी.

त्याआधी एक सांगायला हवं. डॉक्टरांच्या गावाकडे बाप लेकीच्या सासरी कारणाशिवाय जात नाही. तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही पीत नाही. मी या चालीविरुद्ध पत्रक लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, या वेळी काहीही खोडलं नाही, आणि म्हणाले, "पटलं. पन भावकी हाय. कारन नसताना लेकीच्या दारात जाऊन बसला म्हनतील." मग ते खिडकीतून आपल्या पोचे आलेल्या गाडीकडे उगाचच बघत राहिले. लग्न जवळ आलं तसं त्यांचं असं बघणं वाढत गेलं.

लग्नाच्या सकाळी मनमाड रस्त्यावरच्या कार्यालयात उर्मीनं हात पुढे केला. "बाबा, आरसा. चुंबकपण. आज गाडीबद्दल एक अक्षर नाही. माझी शपथ आहे."

"ते गाडी घेऊन येनार हायेत का?"

"घेऊन येणार आहेत. म्हणूनच."

डॉक्टरांनी दोन्ही वस्तू काढून दिल्या. उर्मीनं त्या आपल्या नवरीच्या पर्समध्ये, पावडरच्या डबीशेजारी ठेवल्या.

वऱ्हाड आलं. पुढे बँड, मागे ती पांढरी अँबॅसिडर. अशी गाडी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि मला गाड्यांतलं काही कळत नाही. जाळी बदललेली, मुठी बदललेल्या, फुलं गेलेली. पाठीमागे झेंडूची चादर आणि 'वैभव–उर्मिला' अशी पाटी. दोन्हीकडच्या माणसांनी गाडीकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी आभाळाकडे पाहिलं. "ऊन फार आहे आज," ते म्हणाले.

नानांनी वाट पाहिली. मग इंजिन तापल्याचं निमित्त करून बॉनेट उघडलं आणि आत अगदी जागच्या जागी असलेली काठी काढून त्याला टेकवली. काठी लावताना ते दोनदा खाकरले.

"या, चहा घ्या," डॉक्टर म्हणाले. काकूंनी त्यांचं कोपर घट्ट धरलेलं होतं.

नानांनी चारी दारं उघडली. हॉर्न वाजवला.

"हॉलमध्ये पंखे चांगले आहेत," डॉक्टर शुद्ध पुणेरीत म्हणाले आणि फेटा सावरत आत गेले. मान मात्र आतल्या आत वळत होती, ती फेट्यामुळे दिसली.

थोड्या वेळानं बातमी आली: नाना रुसले. गाडीशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेत आणि मांडवात यायला तयार नाहीत.

नवऱ्याकडचे रुसले म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत असतं. कुजबुज सुरू झाली. घड्याळ पाहिजे असेल, अंगठी पाहिजे असेल. पाथर्डीहून आलेले उर्मीचे मामा म्हणाले, "गाडी मागत असंल."

"अहो, गाडी त्यांच्याचकडे आहे," काकू म्हणाल्या.

"मग दुसरी मागत असंल."

मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात लहानपणापासूनची सगळी पत्रकं एकदम छापून निघत होती. मी तडक बाहेर गेले, नानांसमोर उभी राहिले आणि हुंडा मागणारा माणूस हा समाजाचा कसा गुन्हेगार आहे ते त्यांना सांगायला सुरुवात केली. बँडवाले गोळा झाले. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली.

"बस, पोरी. पानी पी. चांगलं बोलतीस. पन मला काय बी नको हाय."

"मग रुसलात कशाला?"

नानांचा आवाज एकदम बारीक झाला. "तीन वर्सं झाली. ह्या मानसानं भर मैदानात माझ्या गाडीचं तोंड उघडून लोकांना दावलं. मी गप ऐकून घेतलं. कांदाचाळीत बसून येक येक चूक काढली. दिल्लीवरून रबर आनलं, कलकत्त्यावरून मुठी आनल्या. कशापायी? आज ह्यांनी बघावं म्हनून. अन् ह्ये मला सांगत्यात, हॉलमधी पंखे चांगले हायेत." त्यांनी उपरण्यानं बॉनेटवरची नसलेली धूळ पुसली. "पोरानं वर्सभर अभ्यास करून पेपर लिव्हला अन् मास्तरानं तपासलाच न्हाई, तर त्या पोरानं काय करावं?"

यावर माझ्याकडे एकही पत्रक नव्हतं. मी मागच्या बाजूनं नवरीच्या खोलीच्या खिडकीशी गेले आणि उर्मीला सगळं सांगितलं. ती मुंडावळ्यांसकट कपाळाला हात लावून हसत सुटली. मग तिनं डॉक्टरांना खिडकीशी बोलवायला लावलं.

डॉक्टर आले. चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

"बघितलीत ना गाडी?" उर्मीनं विचारलं.

"न्हाई. तुझी शपथ हाय."

"आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून?"

डॉक्टर फेटा चाचपू लागले. उर्मीनं पर्समधून आरसा आणि चुंबक काढलं आणि गजांतून बाहेर दिलं. आरशाला तिची पावडर लागली होती.

"शपथ सुटली," ती म्हणाली. "जा, बाबा. आ करायला सांगा तिला."

त्यानंतर जे झालं ते नगर–मनमाड रस्त्यावरून जाणाऱ्या बऱ्याच ट्रकवाल्यांनीही थांबून पाहिलं. डॉक्टर फेट्यासकट गाडीखाली गेले. आख्खं लग्न मुठीत अक्षता धरून गाडीभोवती उभं राहिलं. चुंबक चारी दारांना चिकटलं. एकदाही सटकलं नाही. दर वेळी नाना श्वास सोडायचे. मग एकेक आवाज खालून यायला लागला.

"ह्या नळीवरचा पट्टा आत्ताचा हाय."

"बरं," नाना म्हणाले, आहेर स्वीकारावा तसे.

"डॅशबोर्डच्या खाली दोन स्क्रू नव्या पद्धतीचे."

"बरं. अजून?"

"टायर आत्ताचे."

"त्ये रस्त्यावर चालवायला पायजेत म्हनून. मी मूळ म्हनलोच न्हाई."

"मग चालंल." डॉक्टर बाहेर आले, गुडघ्यांना माती. "हॉर्नचा आवाज जरा चिरका हाय."

इथं नाना अडले. "हॉर्न मूळचा हाय. माझ्या बापानं वाजवलेला."

"चिरका हाय."

दोघांनी आळीपाळीनं हॉर्न वाजवला. खरा सूर कुठला यावर वाद झाला, आणि बँडवाल्यानं तो सूर क्लॅरिनेटवर काढून दाखवला तेव्हा दोघांनीही त्याला चूक ठरवलं. गुरुजी बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर, मुहूर्त चाललाय."

"मुहूर्त कुठं पळून जातोय?"

"तोच तर पळतो," गुरुजी म्हणाले.

डॉक्टरांनी आरसा पुसला, खिशात ठेवला आणि नानांसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्याही मालकाला न ऐकवलेलं वाक्य ते म्हणाले.

"नाना, गाडी खरी हाय."

नानांनी त्यांना मिठी मारली. दोघांचे फेटे एकमेकांवर आपटून सुटले. डोळे पुसून झाल्यावर नाना त्यांच्या कानाशी गेले, पण त्यांचं कानाशी बोलणं शेताच्या दुसऱ्या बांधावर ऐकू जाईल असं होतं. "आता सांगतो. येक चूक मी मुद्दाम ठेवली हाय. पोराच्या गालाला तीट लावत्यात तशी. दृष्ट लागू नये म्हनून. ती काय तुमाला घावली न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गाडीकडे पाहिलं. पुढून पाहिली होती, बाजूंनी पाहिली होती, खालून पाहिली होती. मागे झेंडूची चादर होती. त्यांचा हात चादरीकडे गेला, तोच काकूंनी कोपर धरलं, गुरुजींनी दुसरं कोपर धरलं, आणि डॉक्टरांना मांडवात नेण्यात आलं.

लग्न लागलं. मंगलाष्टकं चालली असताना वधूपिता टाचा उंचावून दाराबाहेर बघत होता. कन्यादानाच्या वेळी गुरुजी म्हणाले, "म्हणा, मम." डॉक्टर म्हणाले, "मडगार्ड."

पंगती उठल्या, ऊन उतरलं आणि पाठवणीची वेळ झाली. उर्मी रडली, काकू रडल्या, मामा सगळ्यांत मोठ्यानं रडले. डॉक्टर रडले नाहीत. त्यांनी उर्मीच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. ती गाडीत बसली. नाना पुढे, वैभव चालवायला. गाडी निघाली, आणि डॉक्टर तिच्यामागे चालू लागले. मी त्यांच्याबरोबर होते. लोक म्हणाले, बापाचं काळीज.

कार्यालयाच्या फाटकाशी गतिरोधक आहे. वैभवनं ब्रेक दाबला. गाडी उसळली आणि दिवसभराच्या उन्हानं सुकलेली झेंडूची चादर पाटीसकट खाली आली. मागचे दोन्ही दिवे पेटले होते. डाव्या दिव्याची लाल काच उलटी बसवलेली होती. तिच्यावरची बारीक अक्षरं डोक्यावर उभी होती. मला दिसली, जिला चाकाच्या टोप्या दिसत नाहीत. डॉक्टरांनी माझा हात असा धरला की बोटं दुखली. त्यांनी तोंड उघडलं.

खिडकीतून नाना बाहेर वाकले होते. "काय डॉक्टर, घावली का?"

मागच्या काचेतून उर्मी बघत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं. परत उघडलं.

"न्हाई," ते म्हणाले. "घावली न्हाई."

"मग यावं लागंल तुमाला," नाना म्हणाले. "नीट तपासायला."

"यावंच लागंल," डॉक्टर म्हणाले. गाडी राहुरीच्या दिशेनं वळली आणि दिसेनाशी झाल्यावर ते रस्त्याच्या कडेला बसून रडले.

पाथर्डीच्या भावकीला कळवण्यात आलं की डॉक्टर दर रविवारी राहुरीकडे जातात ते लेकीकडे नव्हे, गाडी तपासायला. एक चूक राहिली आहे आणि हा इज्जतीचा प्रश्न आहे. भावकीला ते पटलं. इज्जतीचा प्रश्न म्हटला की भावकीला काहीही पटतं. पाण्याचं काय, असं एका चुलत्यानं विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की तपासनीसाला चहा द्यायची पद्धत सगळीकडे आहे आणि चहा म्हणजे पाणी नव्हे. खोट्याविरुद्ध मी आजवर इतकं लिहिलं; यावर लिहायला पेन उचललं नाही.

मी आता नगरला नसते. मागच्या दिवाळीत उर्मीला भेटायला गेले, तो रविवार होता. अंगणात अँबॅसिडर उभी होती आणि तिच्या पुढच्या चाकाशेजारून दोन चपला बाहेर आल्या होत्या. नाना खाटेवर बसून शेंगा फोडत होते. डॉक्टर बाहेर आले, केस जास्त पांढरे, आरसा तोच. माझ्याकडे बघून मान हलवली आणि कामाला लागले. दारं झाली, खिडक्या झाल्या. मग ते गाडीच्या मागच्या बाजूला आले.

उर्मी चहाचा कप घेऊन तिथंच उभी होती. बाप वळताना दिसला तशी तिनं मोकळा हात गाडीवर टेकवला, सहज, दमल्यासारखा. तळवा बरोब्बर डाव्या दिव्यावर. नानांनी शेंगांमधून मान वर केली, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि मग पाटाकडे बघू लागले, जणू तिथं कुणी हाक मारली होती.

डॉक्टर उकिडवे बसले. उजव्या दिव्याच्या धड काचेला त्यांनी आरसा लावला आणि इकडून, तिकडून, वरून, खालून, डोळे बारीक करून ते तिच्यात बघत राहिले. चहावर साय आली.

"ह्यात तर काय दिसत न्हाई," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या आता," नाना पाटाकडे बघतच म्हणाले. "उजेड गेला. फुडच्या रविवारी बघू."